वाळवंटी रणभूमीची प्रतिकृती : सैनिकमूर्तींचे मान आणि मालिका यांच्या निवडीचा विचार

गोषवारा :
वसाहतकालीन युद्धांच्या अध्यापनात पाटावरील रणभूमी व लहान सैनिकमूर्ती यांचा उपयोग करता येतो. तथापि मूर्तींची उंची आधी ठरवून मग युद्ध निवडण्याची जी पद्धत सर्वत्र दिसते, तिच्यामुळे वाळवंटी लढाईचे स्वरूपच बदलून जाते. प्रस्तुत लेखात भूमिमान, संख्यामान आणि मूर्तिमान या तीन संकल्पना वेगळ्या करून, तोफ्रेक (१८८५) आणि कुत (१९१५-१६) या मुंबई इलाख्यातील शिपायांशी निगडित दोन प्रसंगांच्या आधारे निवडीचा क्रम कसा असावा, हे स्पष्ट केले आहे. बाजारात मिळणाऱ्या मूर्तिमालिकांत कोण असते व कोण नसते, याचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : युद्धक्रीडा, भूमिमान, मूर्तिमान, मेसोपोटेमिया, बाजारबुणगे.

प्रस्तावना

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करण्याची आपल्याकडील प्रथा सर्वपरिचित आहे. वाई परिसरात तर पांडवगड, वैराटगड, केंजळगड हे किल्ले मुलांच्या नजरेसमोरच असतात. या मातीच्या किल्ल्याकडे मापाच्या दृष्टीने पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. सिंहासनावरील महाराजांची मूर्ती किल्ल्याच्या महाद्वारापेक्षा उंच असते, दारावरचा मावळा बुरुजाएवढा असतो आणि पायथ्याची गवळण कधी कधी मावळ्याहूनही मोठी असते. यात कोणाला विसंगती वाटत नाही, कारण तेथे मूर्तीचा आकार अंतर किंवा उंची दाखवीत नाही. तो महत्ता दाखवितो. जुन्या चित्रपरंपरेतही राजा मोठा आणि सेवक लहान काढण्याचा संकेत होताच.

युद्धक्रीडेच्या पाटावर मात्र हा संकेत चालत नाही. तेथे एक मूर्ती दुसरीपासून किती अंतरावर आहे, तिची बंदूक कोठवर पोहोचते, ती किती माणसांच्या वतीने उभी आहे, या प्रश्नांची उत्तरे मोजून द्यावी लागतात. वाळवंटी युद्धात तर अंतर हाच लढाईचा मुख्य घटक असतो. डोंगर, गावकुस, रान असे काही मध्ये नसल्याने शत्रू कोठून दिसेल, पाणी किती मैलांवर आहे आणि गोळी कोठे पोहोचेल, यावरच बरेचसे ठरते.

हा विषय साताऱ्यासारख्या जिल्ह्यातील अध्यापकांना परका वाटू नये. सातारा तालुक्यातील अपशिंगे (मिलिटरी) या एकाच गावातील ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, ६ व्या पुणे डिव्हिजनबरोबर १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी गेल्या होत्या. ११४ व्या मराठा पलटणीने ऑक्टोबर १९१८ मधील शरकतच्या लढाईत केलेल्या कामगिरीबद्दल तिला २८ शौर्यपदके मिळाली. आपल्या वर्गातील काही विद्यार्थ्यांच्या घरात या युद्धाची पदके आजही फडक्यात गुंडाळून ठेवलेली असतात. परंतु ज्या भूमीवर ती मिळाली तिचे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर उभे राहत नाही. पाठ्यपुस्तकात मेसोपोटेमियाच्या वाट्याला फार तर एखादे वाक्य येते.

राष्ट्रीय छात्रसेनेच्या शिबिरांत वाळूचा नकाशा करून डावपेच समजावण्याची पद्धत रूढ आहे. तीच पद्धत इतिहासाच्या वर्गात आणता येईल. त्यासाठी कोणत्या मापाच्या आणि कोणत्या मालिकेतील मूर्ती घ्याव्यात, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

तीन माने

इंग्रजीत ज्याला सरसकट ‘स्केल’ म्हणतात, त्या एका शब्दात निदान तीन वेगळ्या कल्पना दडलेल्या आहेत. मराठीत या विषयाची परिभाषा रूढ नाही, ही एका अर्थी सोयच आहे. कारण आपल्याला तीन स्वतंत्र शब्द योजता येतात. ज्या गावात मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले, त्या गावातून परिभाषेविषयी एवढी सूचना करणे अप्रस्तुत ठरू नये.

पाटावरील एक सेंटिमीटर म्हणजे प्रत्यक्षातील किती मीटर, हे सांगणारे ते भूमिमान. एक मूर्ती किंवा मूर्तींची एक पट्टी म्हणजे किती सैनिक, हे सांगणारे ते संख्यामान. आणि मूर्ती स्वतः खऱ्या माणसाच्या कितव्या हिश्श्याची आहे, हे सांगणारे ते मूर्तिमान. चौथे कालमानही आहे, म्हणजे एका खेळीत किती मिनिटे गेली असे मानायचे; पण ते भूमिमान ठरल्यावर आपोआप मर्यादित होते. माणूस एका खेळीत जेवढे चालू शकतो तेवढेच अंतर मूर्तीला सरकवता येते.

या मानांचा इतिहास बोलका आहे. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यातील अधिकारी फोन राइस्विट्झ याने जी युद्धक्रीडा मांडली, तीत मूर्ती नव्हत्याच. १:८००० प्रमाणाचा नकाशा आणि त्याच प्रमाणात पलटणीची रुंदी दाखविणारे लहान ठोकळे, एवढेच साहित्य होते. एक खेळी दोन मिनिटांची असे. म्हणजे तेथे भूमिमान आधी ठरले व बाकीचे त्यामागून आले. याउलट एच. जी. वेल्स याने १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहिले तेव्हा घराघरांत शिशाचे सैनिक आधीच होते. विल्यम ब्रिटनच्या कारखान्याने १८९३ पासून पोकळ शिशाचे, सुमारे ५४ मिलिमीटर उंचीचे सैनिक बाजारात आणले होते. वेल्सने त्या सैनिकांना शोभेल असा खेळ रचला. लाकडी गोळी फेकणारी खेळण्यातली तोफ सैनिक पाडी, आणि दिवाणखान्याची फरशी हीच रणभूमी असे. भूमिमान नावाची गोष्ट त्यात जवळजवळ उरली नाही. आजच्या छंदाचा मोठा भाग वेल्सच्या वाटेने गेला आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मूर्ती आवडली म्हणून ती घेतली जाते आणि मग तिच्यासाठी लढाई शोधली जाते.

येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. ब्रिटनच्या आरंभीच्या संचांत बॉम्बे लान्सर्स आणि बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री हेही होते. आपल्या इलाख्यातील शिपाई लंडनच्या मुलांच्या खेळण्यात संचलनाच्या पोशाखात, बंदूक खांद्यावर ठेवून उभा राहिला. तो लढताना, तहानलेला किंवा जखमी असा त्या पेटीत नव्हता.

मिलिमीटरची भाषा

बाजारात मूर्तींची मापे मिलिमीटरमध्ये सांगतात. ५४ मि.मी. म्हणजे सुमारे १:३२, २८ मि.मी. म्हणजे १:५६ ते १:६०, १५ मि.मी. म्हणजे १:१०० ते १:११० आणि ६ मि.मी. म्हणजे १:२८५ ते १:३००. प्लॅस्टिकच्या १:७२ मूर्तींना पूर्वी ‘२० मि.मी.’ म्हणत, प्रत्यक्षात त्या २३-२४ मि.मी. भरतात. गोंधळाचे कारण असे की, काही कारखानदार तळव्यापासून डोळ्यापर्यंत मोजतात, काही डोक्यापर्यंत. पूर्वी ज्या मापाला २५ मि.मी. म्हणत ते हळूहळू वाढत २८ वर आले, आणि त्यातही काही शिल्पकार डोके व हात मुद्दाम मोठे करतात, कारण रंगवायला ते सोपे जाते आणि दोन हातांवरून चेहरा ओळखू येतो. परिणामी दोन वेगळ्या कारखान्यांच्या ‘२८ मि.मी.’ मूर्ती एकाच ओळीत ठेवल्या तर एक थोरला भाऊ आणि दुसरा धाकटा असे दिसते. म्हणून एका पलटणीसाठी एकच मालिका घ्यावी. वेगळी मालिका घ्यायचीच असेल तर ती शत्रुपक्षासाठी किंवा घोडदळासाठी ठेवावी.

तोफ्रेक : काटेरी कुंपणातील वीस मिनिटे

वसाहतकालीन वाळवंटी युद्ध म्हटले की या छंदात पहिल्याने सुदानचे नाव येते. १८८१ ते १८८५ या काळातील महदीच्या उठावाच्या मूर्ती जवळजवळ प्रत्येक मापात मिळतात. या युद्धात मुंबई इलाख्याचाही वाटा आहे, हे सहसा सांगितले जात नाही. २२ मार्च १८८५ रोजी तांबड्या समुद्रावरील सुआकिन बंदरापासून काही मैलांवर तोफ्रेक येथे जनरल मॅकनील याच्या तुकडीवर उस्मान दिग्नाच्या लोकांनी अचानक हल्ला केला. त्या तुकडीत बर्कशायर पलटण व नौदलाचे सैनिक यांच्याबरोबर १५ वी शीख, १७ वी बेंगॉल आणि २८ वी बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री होती. सैनिक काटेरी झुडपे तोडून ‘झरीबा’ बांधीत होते. झरीबा म्हणजे आपल्याकडे शेताला बाभळीच्या काट्यांचे जे कुंपण घालतात, तेच मोठ्या प्रमाणावर. अनेकांच्या हातात बंदुकीऐवजी कुऱ्हाड होती. १७ वी बेंगॉल विस्कळीत झाली, सामानाचे उंट उधळले, आणि सुमारे वीस मिनिटांत सर्व संपले. २८ वी बॉम्बे आणि १५ वी शीख आपल्या जागी टिकून राहिल्या.

आता माने लावून पाहू. युद्धक्रीडेचा नेहमीचा पाट सहा फूट बाय चार फूट, म्हणजे १८० बाय १२० सेंटिमीटरचा असतो. झरीब्याचा मधला चौक सुमारे १२० यार्ड, म्हणजे ११० मीटर बाजूचा होता. २८ मि.मी. मूर्तींच्या खऱ्या मानाने (१:६०) हा एकटा चौकच १८० सेंटिमीटर होतो. पाटाची लांबी त्यातच संपते, रुंदीत तर तो मावतही नाही आणि हल्लेखोरांना उभे राहायला जागा उरत नाही. १५ मि.मी. च्या मानाने (१:११०) तोच चौक एक मीटरचा होतो आणि लांबीच्या दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस सेंटिमीटर झुडुपांचा पट्टा उरतो. प्रत्यक्षात तो चव्वेचाळीस मीटर भरतो. मार्टिनी-हेन्री बंदूक चांगल्या हातात तीन-साडेतीनशे मीटरवर परिणामकारक असे. पण तोफ्रेकला दाट झुडुपांमुळे तिचा तो पल्ला उपयोगातच आला नाही. शत्रू दिसला तोच जवळ. तेव्हा पाटाची ही अपुरी रुंदी येथे दोष ठरत नाही. ती त्या दिवसाची वस्तुस्थितीच दाखविते.

म्हणून तोफ्रेकसाठी १५ मि.मी. हे मूर्तिमान सर्वांत योग्य, असे म्हणता येते. मूर्तिमान आणि भूमिमान येथे एकमेकांशी जुळतात, आणि अशी संधी क्वचितच मिळते. संख्यामान एकास वीस धरले तर तीन हजारांच्या आसपासच्या तुकडीसाठी दीडशे मूर्ती पुरतात. ‘पीटर पिग’ या इंग्लंडमधील कारखान्याच्या १५ मि.मी. मालिकेत सुदानच्या मोहिमेला चांगले स्थान आहे. ज्यांना चेहरे, पागोट्याचे पेच, काडतुसांचे पट्टे दाखवायचे आहेत त्यांनी २८ मि.मी. घ्यावे, तेथे पेरी बंधूंची सुदान मालिका शिल्पकामाच्या दृष्टीने उत्कृष्ट आहे. मात्र मग चौकाची एकच बाजू, किंबहुना एकच कोपरा मांडावा. पूर्ण झरीबा २८ मि.मी. मध्ये मांडण्याचा मोह टाळलेला बरा.

कुत : जेथे मूर्ती खरी असू शकत नाही

मेसोपोटेमियाचे गणित अगदी निराळे आहे. २२ नोव्हेंबर १९१४ रोजी बसरा घेतल्यावर इंग्रजी फौज तैग्रिस नदीच्या काठाने वर सरकत गेली, नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनला तिची वाटचाल थांबली, आणि माघार घेऊन जनरल टाउनशेंड कुत-अल-अमारा येथे आला. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा चालला. शरणागतीच्या वेळी सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली. वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या; त्यांपैकी ११७ व्या पलटणीला पुढे ‘रॉयल’ हा किताब मिळाला.

कुत हे तैग्रिसच्या वळणात वसलेले गाव. नदीने तीन बाजूंनी वेढलेली ही जिभेसारखी जमीन सुमारे दोन मैल लांब व एक मैल रुंद होती. ती १८० सेंटिमीटरच्या पाटावर बसवायची तर भूमिमान साधारण १:१८०० येते. या मानाने खरा माणूस एक मिलिमीटरहूनही कमी उंचीचा होईल. अर्थात कोणतीही मूर्ती येथे खोटीच ठरणार, आणि प्रश्न एवढाच उरतो की, ती किती खोटी असावी.

६ मि.मी. मूर्तींना येथे प्राधान्य द्यावे लागते. त्यांचा नेहमीचा तळ ६० बाय ३० मि.मी. चा असतो. १:१८०० या मानाने त्याची रुंदी १०८ मीटर झाली. त्या काळची भारतीय पायदळ पलटण साडेसातशे-आठशे माणसांची व चार दुहेरी कंपन्यांची असे. एक तळ म्हणजे एक दुहेरी कंपनी असे संख्यामान सहज बसते. पलटणीसाठी चार तळ. नदीचे वळण, उत्तरेकडील खंदकांची ओळ, टोकाकडील गाव, आणि पलीकडच्या काठावरील वूलप्रेस नावाची वस्ती हे सर्व एका नजरेत येते. ली-एनफिल्ड बंदुकीचा साडेपाचशे मीटरचा परिणामकारक पल्ला तीस सेंटिमीटर, म्हणजे एक पट्टी होतो. विद्यार्थी पट्टी ठेवतो आणि खंदकापुढील उघड्या मैदानातून चालत येणे म्हणजे काय, ते त्याला कळते. हीच पट्टी २८ मि.मी. च्या खऱ्या मानाने लावायची तर ती नऊ मीटरांहून लांब होईल; तिला वर्गाची भिंत आडवी येईल.

कमी मापात पोशाखाचा तपशील दिसत नाही, हा आक्षेप योग्य आहे. पण वेढ्याचा इतिहास पागोट्याच्या पेचात नाही. तो नदीच्या वळणात, पुराच्या पाण्यात आणि दर आठवड्याला कमी होत गेलेल्या शिध्यात आहे. त्यासाठी पाटाच्या कडेला शिध्याचा तक्ता ठेवणे हे चांगल्या रंगकामापेक्षा अधिक उपयोगी पडते.

मृगजळाचा प्रश्न

मूर्ती कोणत्याही मापाच्या असोत, पाटाभोवती उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला सर्व काही वरून दिसते. वाळवंटातील सेनापतीला तसे दिसत नव्हते. एप्रिल १९१५ मधील शैबाच्या लढाईविषयी सांगितले जाते की, मृगजळ व धूळ यांमुळे मागून येणाऱ्या खेचरगाड्यांची रांग तुर्कांना ताज्या कुमकेसारखी वाटली आणि त्यांनी माघार घेतली. आख्यायिकेचा भाग वगळला तरी मूळ मुद्दा राहतोच : सपाट भूमीत दिसणे आणि ओळखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यासाठी मूर्तींच्या आधी कोऱ्या चकत्या ठेवाव्यात. काही चकत्यांखाली पलटणीचे नाव, काहींखाली फक्त ‘धूळ’ हा शब्द लिहावा. विशिष्ट अंतरात आल्यावरच चकती उलटून त्या जागी मूर्ती ठेवावी. या चकत्यांना खर्च शून्य, आणि वाळवंटी युद्धाची प्रचिती मात्र महागड्या मूर्तींहून अधिक.

मालिकेत कोण असते

मूर्तिमान ठरल्यावरच मालिकेचा प्रश्न घ्यावा. मालिका म्हणजे एका शिल्पकाराने किंवा कारखान्याने एका युद्धासाठी केलेला मूर्तींचा संग्रह. तिची सूची वाचणे हे एखाद्या इतिहासग्रंथाची अनुक्रमणिका वाचण्यासारखे असते. काय आले आणि काय वगळले, यावरून दृष्टी कळते.

सुदानच्या बहुतेक मालिकांत इंग्रज शिपाई गुडघा टेकून किंवा उभा राहून नेम धरीत असतो. सुदानी योद्धा भाला उगारून धावत असतो. एका बाजूला शिस्त, दुसऱ्या बाजूला आवेश. या देहबोलीतच निम्मा निकाल आधी सांगून टाकलेला असतो. वास्तविक उस्मान दिग्नाचे लोक झुडुपांतून दबकत, वेळ साधून आले होते, आणि त्या दिवशी गोंधळ उडाला तो झरीब्याच्या आत. म्हणून थांबलेल्या, दबकलेल्या, वाट पाहणाऱ्या सुदानी मूर्ती असलेली मालिका शोधावी. सोबत हेही विद्यार्थ्यांपुढे ठेवावे की, तोफ्रेकला मुंबईचा शिपाई ज्यांच्याविरुद्ध लढला ते स्वतःच्या भूमीवर उभे होते. पाटाच्या कोणत्या बाजूला आपण उभे राहतो, हा प्रश्न मराठी विद्यार्थ्यासाठी इंग्रज छंदिष्टाइतका सोपा नाही. अध्यापकाने तो सोपा करूही नये.

दुसरी अडचण ‘इंडियन इन्फंट्री’ या नावाची. या नावाने मिळणारी मूर्ती बहुधा दाढी राखलेल्या शीख शिपायाची असते. मराठा पलटणींत मराठ्यांबरोबर दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या होत्या. त्यांचे पागोटे बांधण्याची रीत आणि चेहरे वेगळे. ६ मि.मी. मध्ये हा फरक लोप पावतो, १५ मध्ये रंगाने निभावून नेता येतो, पण २८ मध्ये शिखाला मराठा म्हणून उभे करणे खटकते. दाढी कानसेने घासून मिशी ठेवता येते, पागोट्याचे पेच भरणीच्या लांबीने बदलता येतात. मात्र हे काम वेळखाऊ आहे. पहिल्या महायुद्धाच्या मालिका मुख्यतः पश्चिम आघाडीसाठी काढलेल्या असल्याने मेसोपोटेमियातील भारतीय पायदळाची निवड मुळातच कमी असते. त्यामुळे २८ मि.मी. मध्ये मराठा पलटण उभी करू इच्छिणाऱ्याने आधी चार-दोन नमुने मागवून मगच संख्या ठरवावी.

तिसरी उणीव मला सर्वांत गंभीर वाटते. आपल्या बखरींत सैन्याबरोबरच्या बिनलढाऊ लोकांना बाजारबुणगे म्हटले आहे. शब्दात तुच्छता आहे, परंतु निदान शब्द तरी आहे. मूर्तिमालिकांत बहुधा तेवढेही स्थान त्यांना नसते. कुतच्या कैद्यांत तीन हजारांहून अधिक माणसे अशी होती : पखालवाले, डोलीवाले, खेचरे हाकणारे, स्वयंपाकी, झाडूवाले. गावातील सुमारे सहा हजार अरब रहिवासी तर त्या गणतीतही नाहीत. एक तळ म्हणजे दोनशे माणसे हे मान घेतले तर या नोकरवर्गासाठी पंधरा-सोळा तळ लागतात, म्हणजे चार पलटणींएवढे. शिध्याचा प्रश्न समजायचा असेल तर हे तळ पाटावर असलेच पाहिजेत. कारण तेही जेवत होते. एक आनुषंगिक बाब येथे सांगता येईल : महार सैनिकांची भरती १८९० च्या दशकात इंग्रजांनी थांबवली होती आणि १११ वी महार पलटण उभी राहिली ती १९१७ मध्ये. लढणाऱ्यांच्या यादीत कोणाचे नाव यावे, हे रणांगणापूर्वीच कागदावर ठरत होते.

साहित्य आणि भूमी

धातूच्या मूर्ती जड, टिकाऊ व महाग; परदेशातून मागवल्यास टपाल व जकात धरून महाविद्यालयाच्या विभागाला न परवडणाऱ्या. जुन्या मूर्तींत शिशाचे प्रमाण पुष्कळ असते, तेव्हा घासल्यावर हात धुणे आवश्यक. प्लॅस्टिकमध्ये दोन जाती आहेत. एअरफिक्सने १९६० च्या दशकात काढलेल्या १:७२ मापाच्या फॉरेन लीजन व बेदुइन अरब या संचांसारख्या मूर्ती मऊ प्लॅस्टिकच्या असतात. त्यांच्या बंदुका वाकतात आणि रंगाचे पापुद्रे निघतात. कठीण प्लॅस्टिकवर रंग चांगला बसतो. अलीकडे त्रिमितीय मुद्रणाने राळेच्या मूर्ती देशातच करून घेता येतात, आणि संगणकावर माप बदलणेही सोपे आहे. परंतु २८ मि.मी. साठी कोरलेली मूर्ती निम्मी केली की बंदुकीची नळी केसाएवढी होऊन तुटते; लहान मापासाठी मुळात जाड कोरलेला नमुनाच लागतो.

आपल्या कुंभारांकडून मूर्ती का करून घेऊ नयेत, असा प्रश्न सहज पडतो. उत्तर मातीच्या गुणधर्मात आहे. बंदुकीचा दस्ता प्रत्यक्षात सुमारे चार सेंटिमीटर जाडीचा. माती सुटी राहून टिकण्यास निदान तीन मिलिमीटर जाडी हवी. म्हणजे मान १:१३ आणि मूर्ती तेरा सेंटिमीटरची, अर्ध्या वितीहून मोठी. दिवाळीचा मावळा साधारण त्याच घरात असतो आणि त्याची तलवार अंगालगत चिकटवलेली असते, ते यामुळेच. मात्र बंदूक नसलेल्या मूर्ती मातीत लहानही करता येतात. ओणवा पखालवाला, बसलेला उंट, ओझ्याखालचे खेचर यांचे आकार भरीव असतात. दोन-अडीच इंचांत ते नीट उतरतात. मालिकांनी वगळलेली माणसे अशा रीतीने ५४ मि.मी. च्या मापात आपल्याच आव्यातून मिळू शकतात, आणि पाटाबाहेर, शिध्याच्या तक्त्याशेजारी मांडता येतात.

भूमीसाठी कृष्णेची वाळू उपयोगी नाही. ती काळ्या पाषाणाची, भरड व गडद असते. मेसोपोटेमियाची जमीन म्हणजे नदीने आणून टाकलेला बारीक, फिकट पिवळसर गाळ. पाऊस पडला की त्याचा चिखल होऊन गाड्या रुततात. गणपतीसाठी आणलेल्या शाडूत किंचित पिवळी माती मिसळून चाळली व पातळ सरसावर पसरली तर रंग आणि पोत दोन्ही साधतात. पाण्याचा हात फिरवल्यास पुराचे पट्टे दाखविता येतात. तोफ्रेकसाठी वाळलेल्या बाभळीच्या बारीक काटक्या पुरेत, १५ मि.मी. मूर्तीपुढे त्या योग्य उंचीच्या दिसतात.

संख्यामानाविषयी एक सूचना शेवटी करणे आवश्यक वाटते. एकास वीस या मानाने अपशिंग्याचे ४६ जवान म्हणजे दोन मूर्ती आणि तिसरीचा काही भाग. एकास दोनशे धरले तर ते एका तळाच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी. विद्यार्थ्याने हे गणित स्वतः करावे, उत्तर अध्यापकाने आधी सांगू नये. त्यानंतर त्याने आपल्या गावातील किंवा शेजारच्या गावातील स्मृतिशिळेवरील माहिती उतरवून आणावी, आणि ज्या पलटणीचा उल्लेख तीत सापडेल त्या पलटणीच्या तळामागे ती चिठ्ठी चिकटवावी. ६ मि.मी. च्या तळाची मागची कड तीस सेंटिमीटर अंतरावरून वाचता येत नाही. म्हणून चिठ्ठी तळापेक्षा रुंद असली तरी चालेल.